आप्पांच्या रेझरचं पॉलिश

अण्णानं मला पहिली थप्पड मारली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण आमच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवायची रीत, आणि त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास बुडत होता. म्हणजे भांडण मिटवायला आमच्या हातात जेमतेम अर्धा तास होता.

"परत बोल," अण्णा म्हणाला.

"रेझर पॉलिश करून घेणार," मी परत बोललो.

दुसरी थप्पड बसली. ही डाव्या हाताची होती. अण्णाचे दोन्ही हात सारखेच चालायचे. शेतात त्याचा फार उपयोग होई.

मी हाताशी असलेला तांब्या उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. नेम डोक्यावर होता, पण मी लहानपणापासून हस्तकौशल्यात कच्चा. तांब्यातलं पाणी दोघांच्याही अंगावर सांडलं. अण्णानं माझा हात पिरगाळून पाठीवर नेला आणि माझं तोंड ज्वारीच्या पोत्यावर दाबलं.

"सोड की! मोडंल!"

"मोडू दे. मोडक्या हातानं जा पुण्याला."

चुलीपुढून आई अण्णाला म्हणाली, "भूपाल, पोतं फाटंल."

आम्ही जैन. पाणी गाळून पिणारे, कांदा-बटाटा घरात न आणणारे, मुंगी चिरडू नये म्हणून जमिनीकडे बघत चालणारे. आमच्या घरात मुंगीला, ढेकणाला, पालीला अभय होतं. पोरांबद्दल मात्र शास्त्रात काही लिहिलेलं आप्पांना कधी सापडलं नव्हतं. आप्पा म्हणजे आमचे वडील, शाळेत ड्रिल मास्तर. शिट्टी, छडी आणि उजवा पाय या तीन साधनांवर त्यांनी शिरोळ तालुक्यातल्या दोन पिढ्या सरळ केल्या. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

त्यांच्या मागे वाटण्यासारखं फार नव्हतं. आईनं घड्याळ अण्णाला दिलं आणि दाढीचा रेझर मला. अण्णाला रेझर देऊन उपयोग नव्हता. मिसरूड फुटल्यापासून त्यानं गालाला पातं लावू दिलं नव्हतं. छातीपर्यंत दाढी वाढवून हिंडायचा. मला पुण्याला कारकुनाची नोकरी लागली होती आणि सोमवारी निघायचं होतं. चौघांच्या खोलीत राहायचं, सकाळी सगळ्यांसमोर दाढी करायची आणि हातात हा काळवंडलेला, हिरवट डाग पडलेला पितळी रेझर. वरचं निकेल केव्हाच उडालेलं. लाज वाटेल, म्हणून पॉलिश करून घेतो, असं मी म्हणालो.

हे मी सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. ते त्या संध्याकाळी मी कुणाला सांगितलं नाही, तेव्हा तुम्हीही जरा थांबा.

अण्णाचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "तुला दिलाय तर वापर, पण त्याच्यावरचा खड्डा जाता कामा नये."

रेझरच्या वरच्या टोपीच्या एका कोपऱ्याला खड्डा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि अण्णाच्या डाव्या भुवईच्या वर एक पांढरी रेघ होती, बोटाच्या पेराएवढी. दोन्ही एकाच दिवशी झाले. अण्णा बारा वर्षांचा होता, मी आठ. आप्पा खिडकीपाशी दाढीला बसले होते. अण्णा बाहेरून आत आला, आणि आप्पांनी एक अक्षर न बोलता हातातला रेझर पात्यासकट त्याच्या तोंडावर फेकला. कपाळ उघडलं. सात टाके पडले. खड्डा खरं तर रेझर खाली शहाबादी फरशीवर आपटला म्हणून पडला होता, पण अण्णा त्याचं श्रेय कायम आपल्या कपाळाला द्यायचा.

"चौदा वर्षं झाली," मला पोत्यावर दाबून अण्णा सांगत होता. "मला का मारलं, मला अजून ठावं नाही. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा विचारलं. आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. आता ह्या खड्ड्याशिवाय माझ्याकडं दुसरा साक्षीदार नाही. आणि तू त्यो पुसणार?"

"कपाळावर आहे की साक्षीदार!"

"ते माझ्या बाजूचं. हे त्यांच्या बाजूचं."

मी टाच मागे मारली. ती त्याच्या गुडघ्याखाली बरोबर बसली. अण्णा कळवळला, मी सुटलो, आणि त्याची दाढी धरून त्याला खाली ओढलं. दाढी राखणाऱ्या माणसानं भांडायला येऊ नये. दोघंही जमिनीवर पडलो. त्यानं माझ्या दंडाचा चावा घेतला. मी त्याचा कान धरला तो सोडला नाही.

"पावणेसहा झाले," आई म्हणाली. "ताटं वाढलीत."

आम्ही उठलो. हातपाय धुतले. शेजारी शेजारी बसून भाकरी आणि मुगाची उसळ खाल्ली. माझा ओठ फाटला होता, चटणी झोंबत होती. अण्णानं न बोलता त्याच्या वाटीतलं दही माझ्या वाटीत ओतलं. आचवल्यावर अंगणात गेलो, तर तो म्हणाला, "हं, कुठवर आलो होतो?" आणि माझ्या पोटात गुद्दा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धार काढायला गेलेला पाहून मी रेझर धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि पहिल्या एसटीनं इचलकरंजी गाठली.

तिथं दस्तगीरभाईंचं पॉलिशचं दुकान होतं. आमच्या बस्तीतल्या, म्हणजे देवळातल्या, समया दरवर्षी त्यांच्याकडेच जायच्या. साठीचा माणूस, भुवयांपर्यंत पॉलिशच्या काळ्या मसाल्यानं माखलेला, उजव्या हाताला साडेचार बोटं. उरलेलं अर्धं बोट चाकानं घेतलं होतं. भिंतीला मोटर, मोटरला कापडाच्या थरांचं चाक, आणि कोपऱ्यात धुतलेली भांडी कोरडी करायला लाकडी भुशाचा ढीग.

"बाजूला हुबा ऱ्हा, मास्तरांच्या पोरा," ते म्हणाले. "चाकाच्या समोर न्हाई. बारकी वस्तू चाक हिसकावून घेतंय आणि फेकतंय. मागच्या साली कुलपाची किल्ली फेकली, ती त्या कौलातनं भाईर गेली."

मी फडकं सोडलं. दस्तगीरभाईंनी रेझर हातात घेतला, आणि पहिल्यांदा मला शिवी दिली.

"पातं आतच? पातं काढून आणायचं असतंय रं! माझी हाईत तेवढी बोटं ऱ्हाऊ देत की!"

त्यांनी दांडा फिरवून रेझरचे तीन तुकडे केले. टोपी उजेडात धरली. अंगठ्याच्या नखानं खड्डा चाचपला.

"ह्यो कशाचा?"

"पडला होता. तोच घालवायचाय. बाकी कसंही होऊ दे."

"म्हंजे पॉलिशसाठी न्हाई आलास तू."

 एवढ्यात बाहेर सायकल भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि अण्णा दारात उभा राहिला. बारा मैल सायकल मारून आला होता. छाती भात्यासारखी चालत होती, दाढीतून घाम गळत होता. आत येऊन त्यानं माझी मानगूट धरली आणि माझं डोकं मोटरीच्या चाकाकडे न्यायला सुरुवात केली.

"ह्याला पॉलिश करा आधी, भाई!"

चाक सुदैवानं बंद होतं. मी अण्णाच्या पोटात कोपर मारलं. समयांची रांग कोसळली. त्यातली एक मी उचलली, एक त्यानं. देवापुढच्या समया हातात घेऊन आम्ही एकमेकांवर धावलो, हे मला आजही कुणाला सांगवत नाही. माझी त्याच्या बरगडीत बसली. त्याची माझ्या मनगटावर. मनगट त्यानंतर कधी नीट वळलं नाही. सरकारी नोकरीत त्याची अडचण आली नाही.

दस्तगीरभाईंनी शांतपणे पाण्याची बादली उचलली आणि आमच्यावर रिकामी केली.

"समया बस्तीच्या हाईत," ते म्हणाले. "एकेकाला पोचा पडला तर तुमच्या पंचांना मी काय सांगू? ठेवा खाली. आता बोला. कुणाला पायजे पॉलिश आणि कुणाला नको?"

आम्ही दोघंही एकदम बोललो. ते त्यांनी ऐकून घेतलं. मग टोपी पुन्हा उजेडात धरली.

"तुमची दोघांची अक्कल एकाच गिरणीत दळलेली दिसत्या. आरं, पॉलिशनं खड्डा जातो हे कुणी सांगितलं तुम्हाला? आत्ता काळवंडलाय, म्हणून खड्डा झाकलाय. चकाकी आली की दहा फुटांवरनं दिसंल. पॉलिश काय घालवत न्हाई, दाखवतंय. गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय, भाई, तुम्हीच पोचा पाडला. म्या म्हणतो, व्हता त्योच हाय, निस्ता दिसायला लागला."

"घासून काढता येत नाही?" मी विचारलं.

"येतंय की. खड्डा काढायचा तर भोवतालचं समदं त्याच्या पातळीला आणायचं. मग टोपी पापडागत पातळ. मग रेझर कशाला म्हणायचं त्याला?"

अण्णा हसला. ओल्या दाढीतून दात दिसले. भांडण तो जिंकला होता. तिथंच तो परत फिरला असता तर आज ही गोष्ट नसती. पण दस्तगीरभाईंना कामाच्या वस्तूचं कौतुक. त्यांनी तीन तुकडे जुळवले, पातं मध्ये ठेवलं, दांडा पिळला आणि डोळा बारीक करून पाहिलं.

"ह्यो बघा. खड्ड्यापाशी टोपी दबलीय, त्यामुळं पातं ह्या कोपऱ्याला तिरपं भाईर येतंय. ह्यानं दाढी करणाऱ्याला रोज एकाच जागी कापत असणार. हितं." त्यांनी स्वतःच्या डाव्या जबड्याखाली बोट ठेवलं. "मास्तरांना कापायचं का?"

अण्णा हसायचा थांबला.

आप्पांना कापायचं. रोज. डाव्या जबड्याखाली, एकाच जागी. तुरटी फिरवायचे, वर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवायचे आणि तसेच शाळेत जायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागे हसायचो की सगळ्या शाळेला कवायत शिकवणाऱ्या माणसाचा हात दाढीला थरथरतो. चौदा वर्षं. बाजारात नवा रेझर मिळत नव्हता असं नाही. शाळेच्या निरोप समारंभात त्यांना एक मिळालाही होता. तो डबीतून कधी बाहेर निघाला नाही.

"चिकट होते आप्पा," अण्णा म्हणाला. पण ते त्यालाच पटलेलं दिसत नव्हतं. तो रेझरकडे बघत राहिला. "माझ्या डोक्यात फेकला त्या दिवसानंतरचं हे."

"हं."

"मग नवा का घेतला नाही? नेमू, का घेतला नसंल?"

मी तेव्हा बोललो नसतो तर चाललं असतं. सोमवारी पुण्याला गेलो असतो. पण पोट दुखत होतं, मनगट सुजत होतं, आणि मार खाऊन दमलेल्या माणसाला खोटं बोलायला जोर लागतो.

"रेडकाची दाढी मी केली होती," मी म्हणालो.

"काय?"

"त्या सकाळी. गोठ्यात. आपल्या म्हशीचं रेडकू. त्याला हनुवटीखाली केस होते. आप्पा करतात तशी साबण लावून केली. अर्धी झाली आणि माझा अंगठा कापला. मी रेझर धुऊन परत ठेवला, पण एक केस आत राहिला. आप्पांनी दाढीला घेतला तेव्हा तो जाड काळा केस बाहेर आला. त्यांनी विचारलं, कुणी? मी म्हणालो, अण्णानं. तेवढ्यात तू दारातनं आत आलास."

अण्णाचा चेहरा हलला नाही. मी बोलतच राहिलो. चौदा वर्षं साठवलेलं असलं की तोटी बंद होत नाही.

"तुला टाके घालायला नेलं होतं. संध्याकाळी आप्पांनी माझा अंगठा बघितला. मी मुठीत लपवला होता, त्यांनी मूठ उघडली. बघितलं. मग हळद लावून फडकं बांधलं. बोलले काहीच नाहीत. मला मारलंही नाही."

मारलं नाही. त्या दिवसानंतर आप्पांनी घरात कुणावरच हात उचलला नाही. आम्हाला वाटलं, वय झालं. त्यांची रिकामी झालेली जागा अण्णानं आणि मी चालवायला घेतली, एवढंच.

"म्हणून तुला खड्डा पुसायचा होता," अण्णा म्हणाला.

"हं. रोज हातात धरायचा होता ना मला."

अण्णानं दस्तगीरभाईंच्या हातातून रेझर घेतला. अगदी हळू घेतला. एकदा उलटा केला, एकदा सुलटा. मग त्याचा हात मागे गेला. त्या हाताची मागे जायची तऱ्हा मी ओळखली. आठ वर्षांचा असताना खिडकीपाशी पाहिली होती.

रेझर माझ्या उजव्या भुवईवर बसला. आधी थंड लागलं, मग गरम. मग उजवा डोळा लाल झाला आणि दिसेनासा झाला. रेझर भुशात जाऊन पडला. मी खाली बसलो. डाव्या डोळ्यानं मला अण्णा दिसत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या हाताकडे बघत होता. हात अजून हवेत होता, बोटं पसरलेली.

"असाच," तो म्हणाला. "अगदी असाच फेकला होता."

मग त्यानं धोतराचा सोगा टरकावला, माझ्या कपाळावर दाबला आणि मला पाठुंगळी मारलं. दवाखाना तीन गल्ल्या पलीकडे होता. त्याच्या बरगडीवर मी मारलेली समई त्याला पावला-पावलाला लागत होती. कण्हत होता, पण मला खाली ठेवलं नाही.

डॉक्टरांनी जखम धुतली. "कशानं झालं?"

"दाढी करताना," अण्णा म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, अण्णाच्या छातीवर रुळणाऱ्या दाढीकडे पाहिलं. पुढं काही विचारलं नाही.

"पाच टाके पुरतील," ते म्हणाले.

"सात घाला," अण्णा म्हणाला.

"अहो, जखम पाचाची आहे."

"डॉक्टरसाहेब, मला सात होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सात घातले. शेवटच्या दोन टाक्यांची गरज नव्हती, ते मला आजही बोटाला लागतात.

परत दुकानात आलो तेव्हा समया पुन्हा रांगेत उभ्या होत्या. दस्तगीरभाईंनी भुशातून रेझर शोधून फळीवर ठेवला होता. पातं काढून टाकलेलं होतं. भुसा मऊ, त्यामुळे नवा खड्डा पडला नव्हता.

"मग?" ते म्हणाले. "ठरलं का?"

मी म्हणालो, "नको. आहे तसा राहू दे."

"करा पॉलिश," अण्णा म्हणाला. "अगदी चकचकीत. दहा फुटांवरनं दिसला पाहिजे म्हणालात ना? तसा करा."

मोटर सुरू झाली. आम्ही दोघं चाकाच्या बाजूला उभे राहिलो. दस्तगीरभाईंनी साडेचार बोटांत टोपी घट्ट धरली आणि चाकाला लावली. काळं पाणी सुटल्यासारखा मळ निघाला, आणि खालून पितळ उजळत आलं. खड्डा आधी दिसेना, मग दिसला, आणि मग त्याच्याशिवाय काही दिसेना.

पुण्यात माझ्या खोलीतले लोक विचारायचे, इतका झकास रेझर आणि त्याला हा पोचा कसला? मी म्हणायचो, वडिलांचा आहे. पहिल्याच आठवड्यात मला डाव्या जबड्याखाली कापलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी. नवा घ्यावा असं पुष्कळदा मनात आलं. घेतला नाही.

पाडव्याला अण्णा पहिल्यांदा पुण्याला आला. पाठीवर ज्वारीचं पोतं, हातात लोण्याचा डबा. आल्या आल्या खोलीच्या कोनाड्यातला रेझर उचलून उजेडात धरला. मग माझी हनुवटी धरून मान वर केली, जनावराचे दात बघावेत तशी.

"आजचं आहे?"

"सकाळचं."

त्यानं तुरटीचा खडा पाण्यात बुडवला आणि कापलेल्या जागी लावला. अंगठ्यानं दाबून धरला, चांगला जोर लावून.

"झोंबतंय?"

"झोंबतंय."

"मग बरं," अण्णा म्हणाला. खडा त्यानं आणखी जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. "चल, ताटं घे. दिवस बुडायला आलाय."